बाबांचा उजवा हात

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर जेवलात का, पाऊस आहे का, कांदा काय भाव आहे, एवढं होतं आणि वेळ संपतो. जे खरं बोलायचं असतं ते राहून जातं, म्हणून हे पत्र. बाबा, विषय तुमच्या आवडीचा आहे. आयटीआयला असताना पुण्यात अलका टॉकीजला तुम्ही जे घोडे-पिस्तुलांचे इंग्रजी सिनेमे बघायचात, त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहायचंय. आई, तू पत्र बाजूला ठेवू नकोस. पुढे तुझ्याशीही बोलायचं आहे.

आम्ही सॅक्रामेंटोहून टाहो तलावाला गेलो होतो. तिथून डोंगर उतरलं की कार्सन सिटी लागते, नेवाडाची राजधानी. तिथे माउंटन स्ट्रीटवर एक मोठं जुनं घर आहे. 'द शूटिस्ट' या सिनेमात म्हातारा पिस्तुलबाज ज्या विधवेच्या घरी खोली घेऊन राहतो, ते घर म्हणून हेच दाखवलंय. मी रस्त्यावरूनच बघितलं. घरी आल्यावर सिनेमा पुन्हा लावला, मग त्याच जातीचे आणखी दोन पाहिले, आणि सारखी तुमची आठवण येत राहिली.

'द शूटिस्ट' १९७६चा. जॉन वेनचा शेवटचा सिनेमा, दिग्दर्शक डॉन सीगल. सुरुवातीलाच वेनच्या जुन्या सिनेमांतले तुकडे एकामागून एक येतात, 'रेड रिव्हर', 'होंडो', 'रिओ ब्राव्हो', 'एल दोरादो'. तरणाबांड माणूस बघता बघता पिकत जातो, आणि मग तोच माणूस थकून घोड्यावरून येताना दिसतो. नाव जे. बी. बुक्स. जानेवारी १९०१ आहे. बुक्स गावात येतो तेव्हा वर्तमानपत्रात राणी व्हिक्टोरियाच्या निधनाची बातमी आहे. गावात घोड्यांची ट्राम आहे, टेलिफोन आलाय, मोटार दिसायला लागलीय. पिस्तुलावर जगणाऱ्याची त्या गावात कुणाला गरज उरलेली नाही.

बुक्स तिथे आलाय तो डॉक्टरकडे. कोलोरॅडोतल्या एका डॉक्टरनं त्याला रोग सांगितलाय, पण त्याचा विश्वास बसलेला नाही. कार्सन सिटीच्या डॉक्टरनं त्याला कधीकाळी गोळी लागल्यावर वाचवलं होतं, म्हणून त्याच्याच तोंडून ऐकायला तो एवढी रपेट करून आलाय. हा डॉक्टर जेम्स स्टुअर्ट. तो तपासतो, जरा घुटमळतो आणि मग सांगतो की कॅन्सर आहे, फार पसरलाय, कापून काढण्यासारखा राहिलेला नाही. दिवस थोडे आहेत. शेवटी वेदना कशा वाढतील तेही बुक्स खोदून खोदून विचारतो आणि डॉक्टर सांगतो. वेदनेसाठी लॉडॅनम देतो, म्हणजे अफूचा अर्क. बाबा, दोन म्हातारे नट समोरासमोर बसलेत, कुणी आवाज चढवत नाही, कुणी रडत नाही. बंदुकीच्या सगळ्या चकमकींपेक्षा मला हा प्रसंग धाडसाचा वाटतो. विचारणाऱ्याचंही धाडस आणि सांगणाऱ्याचंही.

बातमी फुटल्यावर जे होतं ते बघवत नाही. मार्शलला, म्हणजे गावच्या पोलीसप्रमुखाला, आनंद लपवता येत नाही. पत्रकाराला बुक्सची कहाणी छापायची आहे. जुनी मैत्रीण लग्न करू म्हणून येते, पण तिला त्याच्या नावावर पुस्तक काढायचंय. अंत्यविधीवाला येतो, त्याला प्रेत लोकांना दाखवून पैसे मिळवायचेत. बुक्स त्याचा डाव ओळखतो आणि उलट त्याच्याकडूनच स्वतःच्या थडग्याचा दगड करून घेतो. जन्मतारीख २९ जानेवारी १८४३, आणि मृत्यूचं साल १९०१. माणूस अजून जिवंत आहे आणि बाजार भरलाय. त्या सगळ्यात एकटी घरमालकीण, मिसेस रॉजर्स, त्याच्याकडून काही मागत नाही. आधी तिला त्याला घराबाहेर काढायचं असतं. तो तिला खरं सांगतो, आणि तिथून दोघांचं नातं बदलतं. ही भूमिका लॉरेन बकॉलची. तिचा नवरा हम्फ्री बोगार्ट १९५७च्या जानेवारीत अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेला होता. हे मनात ठेवून तिचा चेहरा बघा. आजारी माणसाच्या खोलीत येऊन उगाच काहीतरी आवरत राहणारी बाई अशीच असते.

वेनबद्दल एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. १९६४ साली त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. डावं फुप्फुस आणि काही बरगड्या काढल्या. त्याच्या आसपासच्या लोकांना ही गोष्ट दडवायची होती, कारण असा धिप्पाड नायक कॅन्सरचा रोगी निघाला तर सिनेमा कोण देणार. त्या काळात 'कॅन्सर' हा शब्द अमेरिकेतही लोक दबक्या आवाजात उच्चारत. वेननं मात्र वर्ष संपायच्या आत वार्ताहरांना घरी बोलावून सगळं सांगून टाकलं. आणि १९६५च्या जानेवारीत तो मेक्सिकोत दुरांगोच्या उंचावर, एका फुप्फुसावर, पुढच्या सिनेमाचं शूटिंग करत होता. 'द शूटिस्ट' करताना तो मरणाच्या दारात होता असं लोक म्हणतात, ते खरं नाही. पोटाचा कॅन्सर कळला तो १९७९च्या जानेवारीत. एप्रिलमध्ये तो ऑस्करच्या मंचावर आला, कपडे सैल झालेले, आणि ११ जूनला गेला. बहात्तर वर्षांचा होता. आज तुम्ही आहात तेवढाच, बाबा.

दुसरा सिनेमा १९६२चा, 'राइड द हाय कंट्री'. सॅम पेकिनपाचा. जोएल मक्री आणि रँडॉल्फ स्कॉट, दोघंही आयुष्यभर घोड्यावर बसून म्हातारे झालेले नट. मक्रीनं केलेला स्टीव्ह जड हा एकेकाळचा नावाजलेला मार्शल. आता तो खाणीवरचं सोनं बँकेत पोचवायचं काम मिळवायला आलाय. कोटाच्या बाह्यांची टोकं विरलेली. बँकेचे मालक बापलेक कराराचा कागद पुढे करतात. तो म्हणतो, जरा एकांतात वाचतो. मोरीत जातो, दार लावतो आणि खिशातून चष्मा काढतो. चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही हे त्यांना कळलं तर काम जाईल.

हा प्रसंग चालू असताना मला मागच्या महिन्यातला आपला व्हिडिओ कॉल आठवला.

बाबा, तुमचा उजवा हात थरथरतो. मला दिसतं. फोन समोर आला की तुम्ही तो डाव्या हाताखाली दाबून धरता, किंवा मांडीवर टॉवेल घेता. आई, तू त्यांना चहा अर्धा कप देतेस आणि त्यांनी कप उचलायच्या आत मला शेजारच्यांच्या बातम्या सांगायला लागतेस. गेल्या खेपेला बँकेच्या कागदांचे फोटो पाठवलेत, त्यावरची सही बाबांची वाटतच नव्हती. ज्या हातानं टूलरूममध्ये तीस-पस्तीस वर्षं मायक्रोमीटरवर मापं घेतली, ज्या हातानं माझ्या सायकलचं बेअरिंग डोळे मिटून बसवलं, तो हात कुणाला दिसू नये असं तुम्हाला का वाटतं ते मी समजू शकते. तुमचं सगळं नाव त्या हातावर होतं. कारखान्यात नवीन पोरं तुमचा हात बघायला उभी राहायची, हे काकांनी मला सांगितलंय.

त्या सिनेमांतल्या माणसांना लपवावंच लागत होतं. पिस्तुलबाजाची नजर मंदावली, हात अर्ध्या क्षणानं मागे पडला, हे बाहेर कळलं की दुसऱ्या दिवशी दारात कुणीतरी उभा. १९५०च्या 'द गनफायटर'मधला ग्रेगरी पेकचा जिमी रिंगो तर म्हाताराही नाही, पण नावच असं झालंय की प्रत्येक गावात एक पोरगा त्याला आजमावायला टपलेला असतो. बायको आणि लहान मुलगा, एवढंच त्याला हवंय, आणि तेवढ्यासाठी सुद्धा त्याला सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, भिंतीला पाठ लावून बसावं लागतं. शेवटी गोळी पाठीतच लागते. अशा जगात चष्मा मोरीत जाऊन लावायचा हे बरोबरच. पण आपल्या घरात, बाबा, तुमच्यावर टपलेलं कोण आहे? मी आहे, दादा आहे, आई आहे. तुमचा हात थरथरला तर आमच्या लेखी तुमची किंमत कणभरही कमी होत नाही.

स्टीव्ह जडचा शेवट मी दोनदा पाहिला. गोळ्या लागून तो जमिनीवर पडलाय. बरोबर एक तरुण जोडपं आहे. तो जुन्या मित्राला म्हणतो की पोरांना हे बघू देऊ नकोस, मी एकटाच जाईन. मित्र त्यांना घेऊन जातो. जड एकदा वळून मागच्या डोंगरांकडे बघतो आणि कलंडतो. असा शेवट फार थोड्या सिनेमांना जमलाय आणि त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण मुलगी म्हणून मला ते मान्य नाही. पोरांना दूर पाठवून एकट्यानं जायचं, हे माझ्या आई-बाबांनी करू नये. आजीच्या शेवटच्या महिन्यांत तुम्ही मला आत्याकडे ठेवलंत, परीक्षा होती म्हणून. तुमचा हेतू चांगला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी आता मी मोठी आहे, मला बघू द्या. अंथरूण बदलणं, गोळ्यांचे डबे भरणं, रात्री उठणं, यातलं जेवढं माझ्या वाट्याला येईल तेवढं मला हवंय.

बुक्सचा मार्गही मला पटत नाही, हे सांगून टाकते. डॉक्टर त्याला आडून सुचवतो की त्याच्यासारखी हिंमत असती तर आपण असं मरण पत्करलं नसतं. मग तो वाढदिवसाच्या दिवशी नवा धुतलेला सूट घालून, ट्राममध्ये बसून, तीन वैऱ्यांना भेटायला सलूनमध्ये जातो. १९०१ साली त्याच्यापुढे अफूची बाटली सोडून दुसरं काही नव्हतं. आज वेदना आटोक्यात ठेवणारे डॉक्टर आहेत, आपल्याकडेही आहेत. पण त्याची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्वतःचे व्यवहार त्यानं स्वतः ठरवले, शुद्धीत असताना, दुसऱ्यांवर टाकले नाहीत.

आई, हे तुझ्यासाठी. वरच्या मजल्यावरच्या काकू गेल्या तेव्हा तू मला म्हणालीस, "मला त्या नळ्या नकोत गं." मी तेव्हा विषय बदलला नाही आणि आताही बदलत नाही. शेवटी नळ्या लावून जगवत ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली अशा इच्छापत्राला मान्यता दिली आहे. २०२३मध्ये पद्धतही सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करता येते, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. तुला काय हवं, काय नको, हे तू शांतपणे वहीत लिहून ठेव. बाबांनीही लिहावं. यानं काही अशुभ होत नाही. आपण घराचे कागद नीट ठेवतो, हेही तसंच.

आता हाताचं. बाबा, थरथरण्याची कारणं बरीच असतात. थायरॉइड, एखादी गोळी, घराण्यातून आलेला कंप (आजोबांची मानही हलायची), किंवा पार्किन्सन्स. त्यातल्या काहींवर चांगली औषधं आहेत. हात स्वस्थ असताना थरथरतो की कप धरताना, हे डॉक्टर आधी विचारतील, तेव्हा चार दिवस नीट बघून ठेवा. आई, तुझ्या नजरेला जास्त दिसतं, तू टिपून ठेव. कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी, वास येणं कमी झालंय का, चालताना पाय घसटतो का. सध्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आणि डॉक्टरांना म्हणा, "सगळं स्पष्ट सांगा, माझ्यासमोर सांगा." बाबांना बाहेर बसवून दादाला आत बोलवायचं, असं होऊ देऊ नका.

दादाला मी कळवलंय, तो शनिवारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतोय. तुमची सकाळ म्हणजे माझी रात्र, मी जागी असेन. आत जाताना मला फोन लावा आणि टेबलावर ठेवा. नाव काय, औषध काय, पुढची तारीख कधी, हे मलाही ऐकायचंय. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. 'द शूटिस्ट' तेव्हा आपण सगळे मिळून बघू, आईला मी मधे मधे मराठीत सांगत जाईन. आईच्या गुडघ्याच्या पट्ट्याचं माप पाठवा, आणि पत्र मिळाल्यावर बाबांनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहाव्यात. अक्षर कसंही आलं तरी चालेल.

तुमची,
सोनू