नियम थेंबाचा हवा

ट्रियर, जर्मनी

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात, फवारणीचा ड्रोन आधी गावात रुळू द्या, सरकारला नियमांची एवढी घाई कशाला? मला घाई हवीच वाटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधेने शेतकरी, मजूर दगावले. चौकशी बसली ती त्यानंतर.

पण लवकर म्हणजे सरसकट बंदी नव्हे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने) खासगी ड्रोन बंदच केले, नियम आले डिसेंबर २०१८ मध्ये. मधली चार वर्षं शेतावर रीतसर उडवून शिकायची सोय नव्हती. मार्च २०२१ चे नियम इतके किचकट, की ऑगस्टमध्येच बदलले: २५ फॉर्मचे ५ झाले. आता ड्रोनच्या वजनानुसार नियम आहेत, २५० ग्रॅम, २ किलो, २५ किलो असे टप्पे. हे मला पटतं, कारण डोक्यावर पडल्यास इजा वजनावर ठरते. इकडे युरोपने २००९ मध्ये हवाई फवारणी बंद केली ती विमान-हेलिकॉप्टर डोळ्यांसमोर ठेवून. ड्रोनही त्यातच अडकला. इथल्या मोझेल नदीकाठच्या कड्यासारख्या द्राक्षमळ्यांना तेवढी सवलत मिळते.

फवारणीला नियम थेंबाचा हवा: केवढा, किती उंचीवरून, किती वाऱ्यात. काटोलच्या बागेचाच हिशोब करा. २० बाय २० फुटांवर एकरी १०८ संत्राझाडं. ड्रोनची टाकी १० लिटरची. एका टाकीत एकर उरकला तर झाडाला जेमतेम ९० मिली, चहाचा छोटा कप. एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाने आपण मोठ्या झाडाला पाच लिटर तरी देतो. एकरी औषध तेवढंच ठेवलं तर द्रावण पन्नासपट तीव्र झालं! त्यातला केसाहून बारीक थेंब वाऱ्यावर शेजारच्या भाजीवर जाणार. शिवाय कोळशी (पानांवरची काळी बुरशी) आणणाऱ्या काळ्या माशीची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला असतात, आणि दाट झाडात वरून पडलेला थेंब तिथे सहसा पोचत नाही. कपाशी-सोयाबीनला ड्रोन बरा, संत्र्याला मला शंका आहे.

ड्रोनवाला आला की आधी नुसतं पाणी फवारायला लावा. थेंब पडला की निळा होणारा पिवळा कागद मिळतो. एक तुकडा पानाखाली, एक झाडाच्या आत, एक शेजाऱ्याच्या धुऱ्यावर (बांधावर) लावा. पानाखालचा पिवळाच राहिला किंवा धुऱ्यावरचा निळा झाला, तर औषध भरू देऊ नका. परवाना देताना सरकारनेही हीच चाचणी सक्तीची करावी, असं मला मनापासून वाटतं. कागद मी पाठवतो, ते कोरड्या हातांनी धरा; घामानेही निळे होतात.

काकूंना सा. न.

तुमचा,
नंदू