ऑनलाइन पदवीचा फॉर्म भरण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निकाल लागले की सोलापूर शहरात आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडे 'घरबसल्या पदवी, यूजीसी मान्यताप्राप्त' असे फलक दिसू लागतात. त्यातला प्रत्येक फलक खोटा नसतो. चिंचोली एमआयडीसीत पाळीने काम करणारा तरुण किंवा लग्नानंतर शिक्षण थांबलेली मुलगी यांना ऑनलाइन पदवीचा खरोखर आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२० च्या नियमावलीने अशी मान्य पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा जाहीरपणे सांगितले. त्यामुळे 'पदवीवर ऑनलाइन असं लिहून येत नाही हं' असे कुणी कानात सांगू लागला, तर तो विद्यार्थ्याच्या भीतीवर धंदा करतो आहे असे समजावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

फसगत होते ती 'मान्यता' या शब्दावर. विद्यापीठ यूजीसी कायद्याच्या कलम २(एफ) खाली आयोगाच्या यादीत असणे ही एक गोष्ट. तोच अभ्यासक्रम ऑनलाइन पद्धतीने, त्याच सत्रात चालवण्याची परवानगी असणे ही दुसरी. प्रवेश मिळवून देणारे केंद्रवाले पहिला कागद दाखवतात आणि दुसऱ्याबद्दल बोलत नाहीत. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर याद्या असतात. त्या पाहताना चार गोष्टी एकाच ओळीत जुळायला हव्यात : विद्यापीठाचे पूर्ण नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव, पद्धत (दूरस्थ की ऑनलाइन) आणि सत्र (जुलै-ऑगस्ट की जानेवारी-फेब्रुवारी). बी.कॉम.ला परवानगी आहे म्हणून एम.कॉम.लाही असेल, किंवा गेल्या वर्षी होती म्हणून यंदाही असेल, असे गृहीत धरू नये. एकसारख्या नावांची विद्यापीठे देशात बरीच आहेत, म्हणून राज्याचे नावही वाचावे.

काही शिक्षण या पद्धतीने मिळतच नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, औषधनिर्माण, नर्सिंग, फिजिओथेरपी, वास्तुशास्त्र, कायदा, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट आणि पीएच.डी. यांना मनाई आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र हे विषयही दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीतून काढले आहेत. जुनी माहितीपत्रके मात्र अजून फिरत असतात. 'एका वर्षात तीन वर्षांची पदवी' किंवा 'मागच्या सत्रात बसवून देतो' म्हणणाऱ्याकडून तर पाणीसुद्धा घेऊ नये. अशी पदवी नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत अडकते, आणि तोवर पैसे घेणाऱ्याचे दुकान तिथे असेलच असे नाही.

आता डीईबी आयडीविषयी, म्हणजे डीईबीकडे विद्यार्थ्याच्या नावाने होणाऱ्या नोंदणीच्या क्रमांकाविषयी, कारण सर्वाधिक अर्ज इथेच रखडतात. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी हा आयडी सक्तीचा आहे. आधी डिजिलॉकर (कागदपत्रे ठेवण्याचे सरकारी ॲप) खाते, त्यातून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे अभ्यासाच्या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या खात्याचा, बारा अंकी क्रमांक आणि त्याच्या आधारे डीईबीच्या संकेतस्थळावर आयडी, असा क्रम आहे. आधारशी जोडलेला मोबाइल हाताशी असला आणि नावे जुळत असली, तर अर्ध्या तासाचे काम आहे. पण नावे जुळत नाहीत. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आपल्या शहरातल्या तेलुगू आणि कन्नड आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे. लग्न झालेल्या मुलींचे आधार सासरच्या नावाने, गुणपत्रिका माहेरच्या नावाने. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. म्हणून घाईने दुरुस्ती करू नये. आधी गुणपत्रिका समोर ठेवून अक्षरन् अक्षर ठरवावे, मग आधार केंद्रावर जावे. हे प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही, महिनाभर आधी सुरुवात हवी.

याच टप्प्यावर केंद्रवाला 'आम्ही करून देतो' म्हणत स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो. पुढे विद्यापीठाचे प्रत्येक पत्र, प्रत्येक ओटीपी, परीक्षेची लिंकसुद्धा त्याच्याकडे जाते आणि विद्यार्थी दोन वर्षे त्याच्या दारात उभा राहतो. नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्यावा, पासवर्ड स्वतःच ठेवावा. नियमानुसार विद्यापीठाला आपली पदवी फ्रँचायझीमार्फत चालवता येत नाही. माहिती द्यायला कुणी असू शकते. प्रवेश देणारे, शिकवणारे, परीक्षा घेणारे मात्र विद्यापीठच असते.

पैसेही थेट विद्यापीठाच्याच खात्यात जायला हवेत आणि पावतीवर विद्यापीठाचे नाव व नोंदणी क्रमांक हवा. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे विद्यापीठाने दिलेली सवलत, असा अनेक पालकांचा समज आहे. बहुतेक वेळा ते एखाद्या वित्तसंस्थेचे विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या नावावरचे कर्ज असते. फोनवर ओटीपी सांगितला की करार झाला आणि खात्यातून हप्ता कापायची मुभाही दिली गेली. सहा महिन्यांनी मुलाने अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते थांबत नाहीत, थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडते. अशा डिजिटल कर्जात 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात वर्षाचा खरा व्याजदर आणि कर्जातून दंड न भरता बाहेर पडण्याची मुदत लिहिलेली असते. तो कागद हातात आल्याशिवाय ओटीपी देऊ नये.

वेळेचा हिशेब तर कुणीच सांगत नाही. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ८० क्रेडिटचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला तर २४०० तास होतात, म्हणजे आठवड्याला सुमारे २३ आणि रोज सव्वातीन तास. टॉवेलच्या कारखान्यात बारा तास उभे राहून आलेल्या माणसाला हे जमवायचे तर घरच्यांनीही तयारी ठेवायला हवी. अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रअखेरच्या परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो. त्यामुळे नुसते असाइनमेंट टाकून पदवी निघत नाही.

परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर असेल तर मोबाइल चालेलच असे नाही. बहुधा कॅमेरा असलेला लॅपटॉप किंवा संगणक लागतो. एकाच खोलीच्या घरात मागून कुणी बोलले, चेहरा चौकटीबाहेर गेला तरी यंत्रणा नोंद करते. वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी आणि मोबाइलचे हॉटस्पॉट तयार हवे. विद्यापीठ सराव चाचणी देत असेल तर ती टाळू नये, कॅमेऱ्याच्या आणि ब्राउझरच्या अडचणी तिथेच कळतात. परीक्षा केंद्रावर होणार असेल तर सोलापुरात केंद्र आहे की दरवेळी पुण्याला जावे लागणार, हे प्रवेशाआधी लेखी विचारावे.

माध्यमाचा प्रश्न तर सगळ्यांत कमी बोलला जातो. बहुतेक ऑनलाइन पदव्यांची व्याख्याने, पुस्तके, प्रश्नपत्रिका इंग्रजीत असतात. पदवीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी पहिल्या सत्रातच अडखळतो आणि स्वतःला कमी समजू लागतो. अशांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मराठीतले दूरस्थ अभ्यासक्रम आधी पाहावेत. छापील पुस्तके आणि जवळचे अभ्यासकेंद्र यांची किंमत जाहिरातीतल्या ॲपपेक्षा कमी नाही.

प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही वेगळी बाब आहे. 'एक्झिक्युटिव्ह', 'प्रोफेशनल' अशा नावांनी लाखाच्या घरात शुल्क घेतले जाते, पण प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. पदवी देण्याचा अधिकार कुणाला, हे यूजीसी कायद्याच्या कलम २२ ने ठरवले आहे. भरती 'पदवीधर' मागत असेल तर असे प्रमाणपत्र तिथे चालणार नाही. कौशल्यासाठी करायचे असेल तर 'स्वयम' या सरकारी मंचावर शिकणे मोफत आहे. त्यातल्या एनपीटीईएल या उपक्रमाच्या अभ्यासक्रमांत प्रामुख्याने आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात आणि प्रमाणपत्रासाठी साधारण १००० रुपये परीक्षा शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० गुण मिळाले की प्रमाणपत्र मिळते. पदवीसाठी मोठी रक्कम भरण्याआधी असा आठ किंवा बारा आठवड्यांचा एक कोर्स पुरा करून पाहावा. रोज बसणे जमते की नाही, ते हजार रुपयांत कळते.

दोन विनंत्या आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ एका जिल्ह्यापुरते आहे. त्याने आणि तालुक्याच्या महाविद्यालयांनी प्रवेशाच्या दोन्ही हंगामांत आठवड्यातून एक दिवस तपासणी कक्ष चालवावा. विद्यार्थ्याने माहितीपत्रक घेऊन यावे आणि कुणीतरी जाणकाराने डीईबीची यादी उघडून दाखवावी. एक संगणक आणि एक माणूस, यापलीकडे त्याला काही लागत नाही. दुसरी विनंती आपल्याला. ऑनलाइन पदवीची जाहिरात घेताना विद्यापीठाचे पूर्ण नाव, अभ्यासक्रम, पद्धत आणि परवानगीचे सत्र छापल्याशिवाय ती घेऊ नये. चार ओळींची जागा लागेल.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
सोलापूर