पहिल्या स्पर्धेपूर्वी लेकीस

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत 80 सेंटिमीटर उंचीच्या गटात नाव दिलेस हे वाचून फार बरे वाटले. उडी घेण्याची नेमकी जागा कशी ओळखायची, असे तू विचारले आहेस. नोकरी सांभाळून सवड मिळेल तेव्हा घोड्यावर बसणारी हौशी स्वार म्हणून स्पर्धांतून मला जे उमगले ते असे, की या जागेची चिंता आपण गरजेपेक्षा जास्त करतो. संपूर्ण फेरीत घोडा हवेत असतो तो वेळ अगदी थोडा. बाकी सारा वेळ तो जमिनीवर धावत असतो आणि स्वाराचे काम तिथेच असते. उडी घोड्याने मारायची असते. ती त्याला मारता येईल अशा चालीत आणि सरळ रेषेत त्याला अडथळ्यापाशी आणणे एवढेच आपल्या हाती असते. चालीत जोर असेल आणि लय मोडली नसेल, तर जागा थोडी जवळ किंवा लांब पडली तरी या उंचीवर घोडा सांभाळून घेतो.

म्हणूनच फेरीआधी कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, पायी फिरायला मिळतो, तेव्हा अडथळ्यांसमोर उभी राहून त्यांची उंची न्याहाळत बसू नकोस. उंची तर गटाच्या नावातच लिहिलेली असते. वळणे चालून पाहा. घोडा ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने चाल, कोपरा न कापता, आणि कोणत्या जागी पोहोचल्यावर पुढचा अडथळा नजरेच्या सरळ रेषेत येतो ते लक्षात ठेव. अडथळ्याचे लाल निशाण उजव्या हाताला आणि पांढरे डाव्या हाताला, हेही प्रत्येक वेळी मनात म्हण. ऐन फेरीत गोंधळ उडाला की माणसे चक्क उलट्या बाजूने उडी मारून बाद होतात.

अंतरे मोजायची रीत सोपी आहे. तुझे एक पाऊल तीन फुटांचे पडेल असा सराव मोजपट्टी लावून कर. कँटरमध्ये, म्हणजे संथ दौडीत, घोड्याची एक ढांग साधारण 12 फुटांची धरतात, म्हणजे तुझी चार पावले. दोन अडथळ्यांमध्ये वीस पावले भरली, तर त्यातली दोन घोडा उतरण्याची आणि दोन पुढच्या उडीसाठी उठण्याची. उरलेल्या सोळांत चार ढांगा बसतात. कमी उंचीवर घोडा जवळ उतरतो, जवळून उठतो आणि त्याची चालही आखूड असते, तेव्हा त्याच अंतरात पाच ढांगा बसवाव्या लागल्या तर खुशाल बसव. चार की पाच, हे मात्र आधीच्या वळणावर, चाल हाताशी असतानाच ठरव. पहिला अडथळा ओलांडल्यावर मन बदलले, तर घोड्याला एकाच वेळी टाच आणि लगाम दोन्ही मिळतात आणि तो बिचारा गोंधळतो. जोडअडथळ्यात, म्हणजे लागोपाठ लावलेल्या अडथळ्यांत, तर मधे एकच किंवा दोनच ढांगा असतात, त्यामुळे तिथे फक्त शिरतानाची चाल उपयोगी पडते.

शेवटच्या दोन-तीन ढांगांत हात शांत ठेव. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात आणि नाकासमोरचा अगदी जवळचा पट्टा त्याला दिसत नाही. अडथळा जोखण्यासाठी तो मान वर-खाली करतो, आणि आपण नेमकी तेव्हाच ती ओढून धरतो. लाल-हिरव्यातला फरकही त्याला आपल्यासारखा कळत नाही, त्यामुळे हिरवळीवरची लाल बल्ली, म्हणजे अडथळ्याचा आडवा दांडा, तुला ठळक दिसली तरी त्याला दिसेलच असे नाही. एकेकाळी स्वार उडी मारताना मागे रेलत आणि लगाम ताणून धरत. फेडेरिको काप्रिल्ली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे झुकून घोड्याची मान मोकळी सोडण्याची बैठक रूढ केली आणि आज आपण सारे तिच्यावरच आहोत. तरीही भीती वाटली की शरीर आपोआप मागे जाते. त्यावर मला एकच इलाज ठाऊक आहे: नजर बल्लीवर न ठेवता तिच्या पलीकडे, पुढच्या वळणावर ठेवायची.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बल्ली पडली की चार दोष म्हणजे दंडाचे गुण, घोडा पहिल्यांदा अडला की चार, दुसऱ्यांदा अडला की बाद. बल्ली ज्या वाटीत टेकलेली असते ती जेमतेम दोन सेंटिमीटर खोल असते, तेव्हा खुराचा हलका स्पर्शही कधी पुरतो. त्याचे फार मनावर घेऊ नकोस. घंटा झाल्यावर सुरुवातीची रेषा ओलांडायला 45 सेकंद मिळतात. तेवढ्यात एक मोठे वर्तुळ घेऊन चाल बसवता येते. घंटा ऐकताच पहिल्या अडथळ्याकडे धावत सुटणारे स्वार मला कधीच समजले नाहीत.

सरावाच्या मैदानात मोजक्याच उड्या घे, कारण घोड्याचा दम फेरीसाठी राखायचा आहे. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आत जाण्यापूर्वी पुन्हा एकदा तपास. घोडा थोडा चालला की तंग ढिला होतो. पडलीस आणि डोके आपटले, तर हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून दे, कारण आतला थर एकदा दबला की पुन्हा संरक्षण देत नाही. या बाबतीत मी काही ऐकून घेणार नाही.

फेरी संपल्यावर निकाल पाहायला पळू नकोस. आधी तंग सैल कर, श्वास खाली बसेपर्यंत घोड्याला चालव आणि चारही पायांवरून हात फिरवून कुठे ऊब किंवा सूज लागते का ते बघ. चित्रीकरण करणार असेल त्याला सांग, की कॅमेरा अडथळ्यांवर रोखून धरू नको, वळणांपासून धर. ते मला लगेच पाठव. बोलू ते पाहूनच.

तुझी,
आई