विषय : दूध संकलन संचाचं घड्याळ जुळत नाही. सहा फोन झाले, आता हे पत्र

दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

परवा शनिवारी संध्याकाळी तुमच्या मदत केंद्रावरचा मुलगा मला म्हणाला, "काका, घरात कुणी शिकलेलं असेल तर त्यांना फोन द्या." म्हणून हे पत्र. फोनवर मी शिकलेला वाटलो नाही, कागदावर वाटतो का बघू.

संच तुमचा, सॉफ्टवेअर तुमचं, आतल्या प्रत्येक ओळीचा पासवर्ड तुमच्याकडे. तेव्हा आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच लिहितो. शनिवारनंतर तसं धरणं जड जातंय, पण असो.

८ जुलैला रात्री लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. संच चालू झाला आणि पावतीवर तारीख छापली १ जानेवारी २०१८. आतली बॅटरी संपली होती. बॅटऱ्या संपतात, त्याबद्दल तक्रार नाही. १२ तारखेला तुमचा माणूस आला, बॅटरी बदलली, ४५० रुपये घेतले आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये बघून वेळ लावली. तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. त्यानं लिहिलं ०५:४५. १७:४५ नव्हे, ०५:४५.

तिथून पुढं आमच्या गावात संध्याकाळी सकाळ व्हायची आणि सकाळी आदल्या दिवसाची संध्याकाळ. हे तुमच्या सॉफ्टवेअरला कळलं नाही, खरं सांगायचं तर मलाही नाही. दूध घालायला येणाऱ्या एका आजींना कळलं. त्यांना वाचता येत नाही, आकडे तेवढे कळतात. नातवाकडून पावती वाचून घेतली आणि तीच माझ्यापुढं आपटली. "सेक्रेटरी, माझ्या म्हशीला सकाळी आठच्या वर फॅट कवा लागलीया? ही संध्याकाळची पावती हाय. सकाळ कशी छापलीया?" पावतीवर फॅट ८.४, शिफ्ट सकाळ. संध्याकाळचं दूध कमी भरतं पण दाट असतं, हे गोठ्यातल्या बाईला माहीत. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला ते माहीत असावं ही अपेक्षा फार मोठी होती काय?

१५ जुलैला फोन केला. वेळ दुरुस्त झाली २१ ला, सकाळचं दूध घेऊन झाल्यावर. म्हणजे २१ ची सकाळ २० ची संध्याकाळ होऊन ११ ते २० तारखांच्या बिलात जाऊन बसली. दूध संघाच्या टेम्पोची पावती आणि आमची बेरीज जुळेना. १८६ सभासदांचा हिशेब मी आणि आमच्या टेस्टरनं रात्री दोन वाजेपर्यंत हातानं फोडला. बिल एक दिवस उशिरा दिलं. गावात दूध बिल एक दिवस उशिरा म्हणजे काय, ते तुमच्या एसी ऑफिसात कळायचं नाही. आमच्या दारात उभं राहिलं की कळतं.

बरं, तेही सोडलं. चूक माणसाची होती. पुढची चूक मात्र माणसाची नाही.

२१ जुलैला तुमच्या लोकांनी दुरून जोडून वेळ लावली, तेव्हापासून घड्याळ रोज साधारण आठ सेकंद मागं पडतंय. पंधरा दिवसांत दोन मिनिटं. आणि जुलैत बारा तासांचा फरक चालला, आता मात्र दोन मिनिटांचा फरक पडला की तुमचाच वरचा सर्व्हर आमचं संकलन घेत नाही, 'यंत्राची वेळ जुळत नाही' असा लाल पट्टा येतो. डाव्या हातानं तुम्हीच बिघडकं घड्याळ द्यायचं आणि उजव्या हातानं तुम्हीच ते बिघडलंय म्हणून दार लावून घ्यायचं. मग आम्ही फोन करायचा, तुम्ही दुरून येऊन वेळ लावायची, तक्रारीवर 'ग्राहकाचे समाधान झाले' लिहायचं. ५ ऑगस्ट, २० ऑगस्ट, ४ सप्टेंबर, १९ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर. काढून बघा. दर पंधरा दिवसांनी. एकादशीसुद्धा एवढी नेमानं पाळत नाही आमच्याकडं कुणी.

दसऱ्याला पुतणी घरी सोनं द्यायला आली होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला म्हटलं, जरा बघ. संस्थेच्या साध्या लॉगिनवरून, कुठलाही पासवर्ड न मोडता, तिनं दोन आज्ञा दिल्या आणि दहा मिनिटांत दुखणं सापडलं. जे तुमच्या लोकांना अडीच महिन्यांत सापडलं नाही.

तुमच्या संचात इंटरनेटवरून वेळ विचारून घड्याळ जुळवणारी सेवा आहे, क्रोनी नावाची. (या पद्धतीला एनटीपी म्हणतात.) बसवलेली आहे, चालू आहे. पण वेळ विचारायची कुणाला? तिच्या सेटिंगच्या, म्हणजे कॉन्फिग फाइलमध्ये एकच सर्व्हर लिहिलाय : १९२.१६८.१.५०. हा घरगुती पत्ता आहे, साहेब. एका राउटरच्या आतला. तुमच्या पुण्याच्या ऑफिसात त्या नंबरावर एखादा सर्व्हर असेल. तिथं संच तयार करताना कुणीतरी तो लिहिला आणि तसाच पॅक करून करवीर तालुक्यात पाठवला. आमचा राउटरही १९२.१६८.१ नंच सुरू होतो. म्हणजे तुमचं यंत्र बसवल्या दिवसापासून आमच्याच संस्थेत पन्नास नंबरला वेळ विचारत बसलंय. आमच्याकडं एक कपाट, चौदा कॅन, फॅट मशीन, वजनकाटा आणि शाहू महाराजांचा फोटो आहे. पन्नास नंबरला कुणी नाही.

'क्रोनीसी सोर्सेस' ही आज्ञा दिल्यावर त्या सर्व्हरच्या ओळीच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह येतं आणि 'रीच'च्या रकान्यात शून्य. शून्य म्हणजे शेवटच्या आठ विचारणांपैकी एकीलाही उत्तर नाही. 'क्रोनीसी ट्रॅकिंग' ही आज्ञा दिली तर शेवटी स्वच्छ शब्दांत येतं, 'नॉट सिंक्रोनाइझ्ड'. यंत्र स्वतः सांगतंय की मला वेळ कळत नाही. विचारायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

आता शनिवार. ४ ऑक्टोबर, सहा वाजून चाळीस मिनिटं. दारात तीसेक माणसं, किटल्या खाली ठेवलेल्या, लाल पट्टा आलेला. फोन लागला नवव्या मिनिटाला. मी वरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, एनटीपी सर्व्हिस ॲक्टिव्ह दाखवतंय का?"

म्हटलं, हो. पण...

"ॲक्टिव्ह आहे ना? मग चालू आहे."

म्हटलं, बाळा, त्याच्याच वर एक ओळ आहे, 'सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड', त्यापुढं 'नो' लिहिलंय.

"काका, ॲक्टिव्ह आहे ना?"

आमचा रात्रीचा राखणदारही ॲक्टिव्ह आहे. रोज येतो, पगार घेतो, झोपतो.

इथं त्यानं ते शिकलेल्या माणसाचं वाक्य टाकलं. मी फोन पुतणीकडं दिला. तिनं पत्ता वाचून दाखवला. तो गप्प. मग म्हणाला, "तुम्ही कॉन्फिग फाइल का उघडली? त्यानं वॉरंटी जाते." ती म्हणाली, उघडली म्हणजे नुसती वाचली, बदलायला तुमचा पासवर्ड लागतो. मग त्याला नवीन सुचलं : तुमच्या गावातल्या इंटरनेटवर १२३ नंबरचा पोर्ट, म्हणजे वेळ विचारायची वाट, बंद असेल. गावातल्या! तिनं सांगितलं, याच राउटरवर माझा लॅपटॉप आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरकडून कालपासून वेळ घेतोय आणि त्याचा रीच ३७७ आहे. म्हणजे आठपैकी आठ उत्तरं. (तो आकडा अष्टमान पद्धतीतला असतो म्हणे. आमच्या शाळेत ३७७ म्हणजे ३७७च असायचे.) रस्ता मोकळा आहे, तुमची गाडी चुकीच्या गावाला निघालीय.

यावर तो काय म्हणाला ते जसंच्या तसं देतो. "तोपर्यंत तुम्ही रोज सकाळी मोबाइल बघून वेळ सेट करत चला."

बरं, म्हटलं, करतो. वेळ लावायचा पासवर्ड द्या.

"पासवर्ड सिक्युरिटीमुळं देता येत नाही."

मग वेळ कशी लावू?

"मोबाइल बघून, काका."

मागून एकजण मोठ्यानं म्हणाला, "सेक्रेटरी, ह्याच्यापरीस म्हस बरी. पान्हा चोरला तरी दोन शिव्यांत सोडती." सगळी रांग हसली. मला हसू आलं नाही. त्यानं "आणखी काही मदत करू शकतो का?" विचारून फोन ठेवला आणि अर्ध्या मिनिटात मेसेज आला, आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या. शून्याची सोय ठेवलेली नाही तुम्ही. रीचमध्ये ठेवलीय.

वेळ रात्री साडेआठला लागली. तोवर दूध वहीवर. तक्रारीवर पुन्हा 'ग्राहकाचे समाधान झाले'.

माझे वडील शाहू मिलमध्ये होते. मिलच्या भोंग्यावर आमच्या घरचं घड्याळ लागायचं. भोंगा वाजला की चुकलेलं घड्याळ कोणतं, यावर वाद नसायचा. तुम्ही आम्हाला भोंगा दिलाय, पण त्याचं तोंड तुमच्याच ऑफिसच्या भिंतीकडं.

इंटरनेटवरून घड्याळ जुळवायची ही पद्धत १९८५ सालापासून लिहून ठेवलेली आहे, तुमची कंपनी निघायच्या कितीतरी आधीची. भारताची प्रमाणवेळ राखणारी प्रयोगशाळा दिल्लीत आहे आणि तिची वेळ कुणालाही फुकट मिळते. शिवाय २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं आदेशच काढलाय की सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपली यंत्रणा एनआयसीच्या (सरकारच्या माहिती केंद्राच्या) किंवा या प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची. तुम्ही आमच्या १८६ घरांच्या दुधाचा हिशेब तुमच्या सर्व्हरवर ठेवता. तुमची यंत्रणा कुणाशी जुळवलीय? पन्नास नंबरशी?

मागतोय काय, तर दोन ओळी. सर्व्हरच्या जागी टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी, आधाराला समय१.एनआयसी.इन. आणि मोठी चूक एका झटक्यात सुधारणारी 'मेकस्टेप'ची ओळ कुणीतरी पुढं फुली मारून बंद ठेवलीय, ती उघडा. ती चालू असती आणि सर्व्हर भेटला असता, तर १२ जुलैची बारा तासांची चूक संच पुन्हा सुरू होताच एका उडीत सुधारली असती आणि आजींना माझ्याशी भांडावं लागलं नसतं. दोन ओळी लिहायच्या आणि सेवा एकदा बंद-चालू करायची. पुतणी म्हणते पाच मिनिटांचं काम. पण पासवर्ड तुमच्याकडं. पैसे आम्ही भरलेत, यंत्र आमच्या टेबलावर आहे, लाइटबिल आम्ही भरतो, पासवर्ड तुमच्याकडं.

वाईट याचं वाटतं की २०११ मध्ये पहिलं यंत्र तुमच्याकडूनच घेतलं होतं. तेव्हा तुमचे मालक स्वतः आले होते. सकाळच्या दुधाला आमच्याबरोबर जमिनीवर बसले, दोन दिवस पावत्या तपासल्या, जाताना स्वतःचा नंबर भिंतीवर पेन्सिलीनं लिहून गेले. तो नंबर अजून आहे भिंतीवर. लागत नाही. ते यंत्र नऊ वर्षं चाललं, म्हणून शेजारच्या चार संस्थांना मीच तुमचं नाव सांगितलं. आता त्या चारही सेक्रेटरींना सांगितलंय की आपापल्या संचात रीच बघा. तिघांकडं शून्य निघालं. चौथ्यानं अजून बघितलेलं नाही, त्याला मोतीबिंदू आहे.

१५ ऑक्टोबरपर्यंत दोन ओळी दुरुस्त करा, आमच्या आणि त्या चौघांच्याही. दुरून करा, माणूस पाठवा, कसंही. न केल्यास वार्षिक देखभालीचे ६,५०० रुपये परत मागणार, जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाणार, आणि त्याआधी हे पत्र तालुक्यातल्या सेक्रेटरींच्या ग्रुपवर टाकणार. ग्राहक आयोगाला वेळ लागेल. ग्रुपला लागत नाही.

आणि त्या मुलाला काढू नका. त्याला कुणी शिकवलेलं नाही, एवढंच. ते त्याचं काम नाही, तुमचं आहे.

सचिव,
सहकारी दूध उत्पादक संस्था,
ता. करवीर, जि. कोल्हापूर

सोबत : पडद्याचे तीन फोटो, ८.४ फॅटच्या पावतीची झेरॉक्स, सहा तक्रारींचे क्रमांक.

ता.क. बॅटरीचे ४५० रुपये कशाचे लावले ते कळवा. तसलीच नाण्याएवढी बॅटरी घड्याळजीकडं पन्नासच्या आत मिळते. वेळ लावायची मजुरी धरली असेल तर ती तर उलटी लावली होती.