नकाशापासून सुरुवात करा
महोदय,
जगाचा इतिहास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना परका वाटतो, हे आपल्या रविवारच्या लेखातील निरीक्षण पटले. पण दोष विषयाचा नाही, सुरुवातीचा आहे. पहिल्याच तासाला चीनच्या राजघराण्यांची यादी फळ्यावर आली, की वर्ग हातचा जातो. सोलापुरात तरी सुरुवात इथल्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपासून व्हावी. जपानशी लढणाऱ्या चीनमधील जखमींवर उपचार करायला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात ते होते. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघालेले या पथकातले पाच डॉक्टर यानआनला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या उत्तरेकडील तळावर, पोचले फेब्रुवारी १९३९ मध्ये. एवढा वेळ का लागला? कोऱ्या नकाशावर वाटेतली हाँगकाँग, हानकौ (वुहान शहराचाच भाग), चुंगकिंग ही ठिकाणे मुलांनाच जोडू द्या. ऑक्टोबरात वुहान जपान्यांच्या हाती गेल्याने वाट कशी बदलली, ते तिथेच उमगते. भैय्या चौकातील कोटणीसांच्या स्मारकाची भेट मात्र यानंतरच ठेवावी. आधी नेले तर ती निव्वळ सहल होते.
– एक वाचक, सोलापूर