बरफर्डचं खरवडलेलं चर्च

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, 'चर्चात एवढं पाहण्यासारखं काय होतं?' असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बरफर्ड हे ऑक्सफर्डशायरमधलं लहानसं गाव. उतरत्या रस्त्याच्या तळाशी विंडरश नदी आणि नदीजवळ हे चर्च. बांधायला सुरुवात बाराव्या शतकात झाली, मग लोकरीच्या व्यापाऱ्यांचा पैसा आला तसतसं ते वाढत गेलं. त्यामुळे नकाशा असा काही नाहीच, जिथे जागा मिळाली तिथे खोली जोडलेली. मला तेच आवडलं.

आत भिंती बोडक्या, दगडी. कुणालाही वाटावं, किती जुन्या! पण हा बोडकेपणा १८७० च्या दशकातला आहे. जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदाच्या हाताखाली दुरुस्ती झाली, तेव्हा गिलावा खरवडून काढला. जवळ जाऊन पाहिलं की दगड ओबडधोबड दिसतात, एकाला एक न जुळणारे. ते दाखवायचे दगड नव्हतेच, वर चुना येणार हे गवंड्याने धरलेलंच होतं. मध्ययुगात तर अशा भिंतींवर चित्रं काढत. म्हणजे जुनं दिसावं म्हणून जुनंच काढून टाकलं.

हे काम चालू असताना विल्यम मॉरिस, म्हणजे तो इंग्रज कवी आणि नक्षीकार, तिथे आला आणि भडकला. गंमत म्हणजे तरुणपणी तो याच स्ट्रीटच्या कचेरीत शिकाऊ होता. त्याने तक्रार केल्यावर तिथले धर्मगुरू म्हणे उत्तरले, 'चर्च माझं आहे. मनात आलं तर मी इथे डोक्यावर उभा राहीन.' बाबा, तुम्ही धर्मगुरूंची बाजू घेणार, हे मला ठाऊक आहे. मॉरिसने मग १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्थाच काढली. ती आजही काम करते.

एक गोष्ट मात्र खरवडण्यातून वाचली. १६४९ मध्ये, इंग्लंडमधल्या यादवीच्या काळात, संसदेच्या फौजेतला सेनानी क्रॉमवेल याने आपल्याच फौजेतले बंड केलेले सैनिक या चर्चात कोंडले होते. त्यातल्या अँथनी सेडली नावाच्या एकाने बाप्तिस्म्याच्या पात्राच्या शिशावर आपलं नाव, साल आणि 'कैदी' असं कोरून ठेवलंय. अक्षरं वाकडीतिकडी. तिघांना १७ मे रोजी बाहेर आवारात गोळ्या घातल्या. देवाच्या घरातली ती खरड कुणी तेव्हाच घासून टाकली असती, तर त्याला स्वच्छताच म्हटलं असतं ना?

तिथून दक्षिणेला, लेचलेडजवळ इंगलशमचं चर्च आहे, अगदी छोटं, शेताकाठी. १८८८-८९ मध्ये तिथलं काम मॉरिसच्या खटपटीने झालं. खचलेलं सावरलं, बाकी हात लावला नाही. दाराच्या कप्प्यांची जुनी लाकडी बाकं तशीच, भिंतींवर चित्रांचे थरावर थर, खालचं वरच्यातून डोकावणारं. कुठलं कोणत्या शतकातलं ते लागत नाही. मला बरफर्डपेक्षा हे कितीतरी जवळचं वाटलं. पण खरं सांगायचं तर इंगलशम आता जतन करून ठेवलेलं आहे आणि बरफर्डमध्ये अजून नेमाने उपासना होते. छत गळलं असतं तर तीही झाली नसती, हे तुमचं म्हणणं मी आधीच ऐकतेय, बाबा. छताबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. भांडण गिलाव्याचं आहे.

फोटो वेगळे पाठवते. रविवारी फोन करते, तेव्हा वाद घालू.

तुमची,
मनू