मंत्रीमहोदय, शंभर यार्डांचं काय झालं?

माननीय मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

काल मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' संध्याकाळी पुण्यात धायरीला बसमधून उतरले. शाळेच्या फाटकाशेजारची टपरी जागच्या जागी, सुतळीला बांधलेला लायटर लोंबतोय आणि दप्तर पाठीला लावलेली पोरं सुट्या सिगारेटी पेटवताहेत. निवडणुकीआधी आमच्या सोसायटीत तुम्हीच म्हणाला होतात, "शाळेजवळ टपरी दिसली तर मला कळवा." मी पाच वेळा कळवलं.

'तुमचा यात काय संबंध?' असं तुमच्या माणसाने फोनवर विचारलं. सांगते.

लग्नाला सात वर्षं झाली. पहिली चार वर्षं तपासण्या फक्त माझ्या. सोनोग्राफ्या, नळ्या मोकळ्या आहेत का बघायला डाय सोडून एक्स-रे, मग दुर्बीण. पोटावर इंजेक्शनांचे निळे डाग. हळदीकुंकवाला माझी ओटी भरताना बायका घुटमळायच्या. साडेपाच लाख गेले. पावत्या जपल्यात, वीस-तीस हजार इकडेतिकडे.

चार वर्षांनी नवऱ्याची पहिली तपासणी झाली. मिलिलिटरला ६० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख. कॉलेजपासून रोज दहा सिगारेटी, शनिवारी दारू. सुरुवात अशाच टपरीवर. डॉक्टर म्हणाले, धुराने शुक्राणूंमधला डीएनए तुटतो, शिवाय कोणतं जनुक चालू, कोणतं बंद हे ठरवणाऱ्या मिथाइलच्या खुणाही बदलतात. जास्त दारूने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटतं. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिने दोन्ही बंद करा. जिन्यात बसून तो रडला. "मला कुणी सांगितलंच नाही गं."

त्याने सोडलं, त्याचा आकडा सुधारला. माझं वय मात्र छत्तीस झालं. गेल्या महिन्यात दुसरं आयव्हीएफही, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्नही, फसलं.

शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्री नको, हा कायदा २००३ चा. सुट्या सिगारेटींवर राज्याने २०२० मध्ये बंदी घातली. मग हा लायटर कुणाच्या जोरावर लोंबतो? दारूच्या महसुलावर तिजोरी भरायची, मूल झालं नाही की सुया बाईला टोचायच्या. आमच्या घरी आलेल्या एकाही पाकिटावर बाप होण्याबद्दल अक्षर नव्हतं.

टपरी हलवा. आणि सरकारी दवाखान्यात मूल होत नाही म्हणून जोडपं आलं, तर पहिल्याच महिन्यात नवऱ्याचीही तपासणी करायचा आदेश काढा. ती सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी आहे, माझ्या वाट्याला ती चार वर्षांनी आली.

आज सहावी तक्रार नोंदवली आहे. यावेळी मेसेज नको. सकाळी सातला शाळा भरते, तेव्हा स्वतः येऊन बघा.

आपली,
धायरीतली एक मतदार